मोसम आणि मान्सून : समुद्रनिरीक्षणाची साधने व बारामती-इंदापूरचा पाऊस

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेले बारामती व इंदापूर हे तालुके अरबी समुद्रापासून दीड-दोनशे किलोमीटर अंतरावर आहेत. मध्ये सह्याद्रीची भिंत उभी असल्यामुळे समुद्रावरून येणारा ढग आपले बहुतेक ओझे भोर, वेल्हे, मुळशी या बाजूसच टाकून मोकळा होतो, आणि या तालुक्यांच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी पाऊस येतो. अशा प्रदेशाच्या संदर्भात समुद्रनिरीक्षणाच्या साधनांचा इतिहास सांगणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु हिंदी महासागराच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. या महासागराकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची निकड जितकी नाविकाला भासली, तितकीच, किंबहुना पुढे अधिक, जमिनीवरच्या दुष्काळाने भासविली. साधने प्रथम जहाजासाठी तयार झाली आणि नंतर शेतासाठी राबविली गेली, असे या इतिहासाचे स्थूल स्वरूप आहे.

या स्थित्यंतराची खूण भाषेत उमटलेली आहे. अरबी भाषेतील ‘मौसिम’ हा शब्द ठराविक वेळ, हंगाम या अर्थाचा. अरबी समुद्रावर ये-जा करणाऱ्या खलाशांच्या तोंडी तो गलबत हाकारण्याचा हंगाम, आणि त्यावरून त्या हंगामाचा वारा, या अर्थाने रूढ झाला. मराठीत तो ‘मोसम’ होऊन आला व आंब्याच्या मोसमापर्यंत पसरला. पोर्तुगीजांनी तोच शब्द ‘मोन्सांव’ असा उचलला, इंग्रजीने त्याचे आणखी रूपांतर केले, आणि अखेर इंग्रजीच्या द्वारे तो ‘मान्सून’ म्हणून मराठीत पुन्हा प्रविष्ट झाला. एकच शब्द दोन वाटांनी एका भाषेत यावा यात नवल नाही. तशी उदाहरणे पुष्कळ आहेत. लक्षणीय आहे तो अर्थातील फरक. ‘मोसमी वारे’ या प्रयोगात अद्याप वारा आहे. ‘मान्सून’ म्हणताच मराठी माणसाला वारा आठवत नाही, पाऊस आठवतो. ‘मान्सून केरळात दाखल झाला’ असे वृत्तपत्रे छापतात, जणू एखादा अधिकारी नव्या जागी रुजू व्हावा. खलाशाचा शब्द कुणब्याच्या घरी आला तो असा.

जुन्या नाविकाची साधने थोडी आणि हाताशी असणारी होती. खोली मोजावयाची ती दोरीला बांधलेल्या शिशाच्या गोळ्याने. मोजण्याचे एकक वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांपर्यंत होणारे अंतर. गोळ्याच्या तळाशी चरबी लावली म्हणजे वाळू, चिखल किंवा शिंपल्याचा चुरा तीस चिकटून येई व त्यावरून तळाची जात कळे. भरतीचे उधाण आणि भांग चंद्राच्या तिथीवरून ठरत. कोकणचा खलाशी आगोटीला होड्या ओढून ठेवी आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात लोटी. त्यामुळे पावसाळ्यातील उघड्या समुद्राचे ज्ञान त्याला फारसे नसे, आणि त्याची त्याला गरजही नव्हती. पुढील शंभर वर्षांच्या अडचणीचे मूळ येथेच आहे. शेतकऱ्याला ज्या चार महिन्यांची माहिती हवी, नेमक्या त्याच चार महिन्यांत समुद्र टाळावा असा नाविकाचा रिवाज होता.

१८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खनच्या या पट्ट्याची दैना केली. त्यातून दोन उत्तरे निघाली. पहिले जमिनीवरचे. दुष्काळी कामे म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याची खोदाई हाती घेण्यात आली व १८८५ च्या सुमारास कालवा वाहू लागला. भाटघरच्या धरणात घाटावरचा पाऊस साठवून तो बारामती-इंदापूरकडे आणावयाचा, ही त्यामागील योजना. दुसरे उत्तर आकाशाकडे पाहण्याचे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थानच्या हवामान खात्याकडे, दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर, पाऊस आधी सांगण्याची मागणी आली. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून अंदाज बांधण्यास सुरुवात केली. पाऊस ज्या समुद्रावरून येतो तो दक्षिणेस, आणि त्याचा अंदाज उत्तरेच्या पर्वतावरून! आज यात विसंगती दिसते. परंतु ब्लॅनफर्ड यांचा निरुपाय होता. बर्फाची वार्ता देणारे कोणी तरी डोंगरात होते. भर पावसाळ्यात अरबी समुद्राच्या मध्याची वार्ता देणारे कोणीही नव्हते.

त्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांचा १८९९ चा आशादायक अंदाज साफ चुकला आणि भीषण दुष्काळ पडला. पुढे काही वर्षे अंदाज गोपनीय ठेवण्यात आले. १९०४ मध्ये सूत्रे हाती घेणारे गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. त्यांनी जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि मॉरिशस व दक्षिण अमेरिका येथील हवेचा दाब, झांजिबारचा पाऊस, हिमालयाचे बर्फ यांचा हिंदुस्थानच्या पावसाशी मेळ घातला. या शोधातूनच पॅसिफिक व हिंदी महासागर यांवरील दाबाच्या झोक्याची, म्हणजे ‘सदर्न ऑसिलेशन’ची, कल्पना १९२० नंतरच्या दशकात पुढे आली. वॉकर यांची सर्व ठाणी मात्र किनाऱ्यावर वा बेटावर होती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. महासागराच्या काठाकाठाने उभे राहून मध्यावर काय चालले असेल याचा तो तर्क होता. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. १९४४ मध्ये ते दिल्लीस गेले तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर ‘सिमला ऑफिस’च म्हणत राहिले.

काठावरचे काम कमी मोलाचे होते असे नव्हे. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तेथे काम केले, आणि हवामानाचा नाद त्यांना अखेरपर्यंत होता. अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. एका उभ्या विहिरीत तरंगता गोळा, विहिरीला खालून बारीक भोक, म्हणजे लाटेची उसळी आत येऊ नये आणि केवळ पातळीचा संथ चढउतार उमटावा; गोळ्याची हालचाल तारेने लेखणीपर्यंत, आणि लेखणीखाली घड्याळावर फिरणारा कागद. बंदरात जहाज केव्हा शिरेल हे सांगण्यासाठी बसविलेल्या या यंत्राने पुढे भलतेच काम केले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील उन्नीकृष्णन व शंकर यांनी २००७ मध्ये उत्तर हिंदी महासागरातील अशा दीर्घ नोंदी तपासून समुद्राची पातळी वर्षाला सरासरी १.२९ मिलिमीटरने चढत असल्याचे दाखविले. लेखणी फिरविणाऱ्या त्या अज्ञात कारकुनांना याची कल्पना असणे शक्य नव्हते.

उघड्या समुद्राचे तापमान घेण्याची रीत तर याहून साधी होती. चालत्या जहाजावरून बादली सोडावयाची, पाणी वर काढावयाचे, त्यात तापमापक बुडवावयाचा. एवढ्या साध्या कृतीतही फसगत दडलेली होती. बादली कापडी असली तर वर येईतो वाऱ्याने तिच्यातील पाण्याची वाफ होऊन ते निवते, आणि वाचन कमी येते. पुढे यंत्रघरात घेतल्या जाणाऱ्या पाण्याचे तापमान नोंदण्याची पद्धत आली. तेथील उष्णतेमुळे वाचन जास्त येते. दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा लावण्यास बंदी होती, म्हणून यंत्रघराची वाचने वाढली, आणि युद्ध संपताच पुन्हा बादल्यांची वाचने मिसळली. परिणामी १९४५ च्या सुमारास साऱ्या जगाचा समुद्र एकदम थंड झाल्याचा देखावा नोंदवहीत उमटला. समुद्र तसा थंड झाला नव्हता; मोजण्याची पद्धत बदलली होती. ज्या नोंदींवर पुढील पिढ्यांनी पावसाची गणिते उभारली त्या नोंदींची ही गोष्ट आहे. शिवाय जहाजे ठराविक मार्गांनीच जात. मुंबई-एडनच्या वाटेवर नोंदींची दाटी, आणि वाट सोडून दक्षिणेस गेले की कोरा कागद. १८७२ ते १८७६ या काळात जगाचे समुद्र पालथे घालणारे ‘चॅलेंजर’ जहाजदेखील हिंदी महासागराच्या दक्षिण भागातून निघून गेले. अरबी समुद्रात ते आलेच नाही.

खोल पाण्याचे तापमान घेणे ही निराळीच समस्या होती. तापमापक खोल सोडला तरी वर ओढताना वाटेतल्या पाण्याने त्याचे वाचन बदलणार. निग्रेटी व झांब्रा या लंडनच्या कारागिरांनी १८७४ मध्ये यावर तोड काढली. इष्ट खोलीवर पोचल्यावर तारेवरून एक लहान वजन सोडावयाचे. त्याच्या आघाताने तापमापक उलटा होतो, नळीतील अरुंद वळणाशी पाऱ्याचा स्तंभ तुटतो, आणि तुटलेला तुकडा त्या क्षणाचे तापमान जपून वर येतो. पुढे असे दोन तापमापक जोडीने पाठविण्यात येऊ लागले. एक जाड काचेने पाण्याच्या दाबापासून राखलेला, दुसरा उघडा. दाबाने दुसऱ्याचे वाचन फुगते, आणि दोहोंतील फरकावरून खोली कळते. हीच साधने घेऊन १९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ हे इजिप्शियन जहाज सीमोर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली अरबी समुद्रात हिंडले. शिशाच्या गोळ्याऐवजी त्यावर ध्वनीच्या प्रतिध्वनीने खोली मोजणारे यंत्र होते. ज्या ठिकाणी एका मापाला तास लागत, तेथे क्षणोक्षणी माप मिळू लागले आणि तळावरील पर्वतांच्या रांगा नकाशावर उतरू लागल्या.

तरीही हा महासागर जगात सर्वांत कमी अभ्यासलेलाच राहिला. १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने ही स्थिती पालटली. चाळीसच्या आसपास जहाजे तीत सहभागी झाली. भारतीय नौदलाचे ‘कृष्णा’ हे जहाजही त्यांत होते. हवामानाच्या अंगाचे केंद्र १९६३ मध्ये कुलाब्यास उघडले; कॉलिन रॅमेज हे त्याचे संचालक. जहाजांच्या तारा, बेटांवरील फुगे आणि मुंबईहून उडणाऱ्या अमेरिकन संशोधन-विमानांनी वरून सोडलेली मापके यांची वाचने येथे प्रथमच एका टेबलावर आली. दरम्यान १९६२ मध्ये पुण्यास उष्णकटिबंधीय हवामानाची संस्था निघाली होती, आणि १९६६ च्या प्रारंभी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, जी पुढे गोव्यात दोना पावला येथे स्थिरावली.

या मोहिमेतून उद्भवलेला एक वाद बारामती-इंदापूरच्या दृष्टीने अगदी जिव्हाळ्याचा आहे. घाटावर व घाटापलीकडे पडणारे पाणी कोठले? पी. आर. पिशरोटी यांनी १९६५ मध्ये हिशेब मांडला की, पश्चिम किनारा ओलांडून येणारी वाफ विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या वाफेच्या कितीतरी अधिक भरते. अर्थात उरलेली वाफ अरबी समुद्रानेच दिली पाहिजे. पुढे साहा व बावडेकर यांनी १९७३ मध्ये अधिक वाचने घेऊन विषुववृत्तापलीकडून येणाऱ्या वाफेला मोठे स्थान दिले. जे. फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत, सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून धावणारा वेगवान वाऱ्याचा झोत दाखवून दिला होता. त्यामुळे दक्षिण गोलार्धाचा वाटा कमी लेखणे अवघड झाले. दोन्ही हिशेब प्रामाणिक होते. मापकांच्या जागा निराळ्या, वर्षे निराळी, म्हणून उत्तरे निराळी. शेतकऱ्यास पाणी जवळच्या समुद्राचे की दूरच्या, याने काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. फरक असा की, पाऊस आधी सांगावयाचा तर कोठे पाहावयाचे हे त्यावरच ठरते.

उपग्रह आले तेव्हा ‘कोठे पाहावयाचे’ हा प्रश्नच मिटला असे काही काळ वाटले. वरून सारा समुद्र एकदम दिसू लागला. परंतु येथेही पावसाळ्याने आपला जुना खोडसाळपणा सोडला नाही. समुद्राच्या पृष्ठाचे तापमान अवरक्त किरणांनी मोजतात आणि अवरक्त किरण ढगांतून पार होत नाहीत. म्हणजे ज्या दिवशी समुद्र ढगाला जन्म देतो त्याच दिवशी तो झाकला जातो. यावरील उपाय सूक्ष्मतरंगांचा. भारताने जून १९७९ मध्ये सोडलेल्या ‘भास्कर’ उपग्रहावर असा एक ग्राहक होता, आणि त्या प्रयत्नांची पायाभरणी करणाऱ्यांत पिशरोटी हेच अग्रणी होते. उष्णकटिबंधातील समुद्राचे तापमान ढगांआडूनही नित्य दिसू लागले ते मात्र १९९७ च्या अखेरीस सुटलेल्या अमेरिका-जपानच्या पर्जन्यमापक उपग्रहामुळे. तेव्हा असे आढळले की, बंगालचा उपसागर पावसाळ्यात समान तापलेला नसतो. पावसाच्या झडीनंतर निवतो, उघडिपीत पुन्हा तापतो, आणि हा चढउतार काही आठवड्यांच्या फेऱ्याने चालतो. जहाजांच्या सरासऱ्यांत तो पार पुसला गेला होता. भारताच्या ‘ओशनसॅट’ मालिकेतील पहिला उपग्रह १९९९ मध्ये व दुसरा २००९ मध्ये गेला. दुसऱ्यावरील रडार लाटांच्या सुरकुत्यांवरून वाऱ्याची दिशा व वेग सांगे. वाऱ्याच्या खलाशी मोसमाचे माप अशा रीतीने आकाशातून घेतले जाऊ लागले.

साधन आणि समज यांची गती मात्र सारखी नसते. मूळच्या पुण्याच्या व २०२५ मध्ये निवर्तलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी जोसेफ व जोशी यांच्यासह १९८४ मध्ये दाखविले की, समुद्राचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सियसच्या वर गेले म्हणजे त्यावर ढगांची उभारणी होण्याचा संभव एकदम वाढतो. तथापि त्यापलीकडे केवळ तापमान पुरेसे ठरत नाही. या ‘तथापि’कडे पुरेसे लक्ष गेले नाही. १९८८ पासून वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांचे सोळा घटकांचे गणित वापरात होते. त्याने अनेक वर्षे यश दिले, आणि मराठी वाचकांत त्याचा बराच बोलबाला झाला. २००२ मध्ये पाऊस सर्वसाधारण राहील असा अंदाज होता. जुलै जवळजवळ अर्धा कोरडा गेला आणि देशाचा मोसमी पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांनी कमी भरला. उलटपक्षी १९९७ मध्ये पॅसिफिकमध्ये एल निनो अतिशय प्रबळ असताही पाऊस सरासरीइतका झाला होता. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन व यामागाता यांनी १९९९ मध्ये हिंदी महासागराचे पूर्व व पश्चिम भाग आलटून पालटून तापतात ही गोष्ट मांडली. वॉकर यांनी काठावरून ज्याचा तर्क केला त्यापेक्षा मध्यावर अधिक काही चालले होते, याची ही कबुलीच होय.

पृष्ठाखालचा समुद्र उपग्रहास दिसत नाही. त्यासाठी २००० च्या सुमारास ‘आर्गो’ तरंडांची योजना सुरू झाली. हे नळकांडे हजार मीटर खोल वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरते, तेथून वर येताना तापमान व क्षारता टिपते, पृष्ठावर येऊन उपग्रहास वार्ता देते आणि पुन्हा बुडी मारते. जगात असे सुमारे चार हजार तरंडे आहेत. भारताच्या वतीने हे काम हैदराबादची समुद्र-माहिती संस्था पाहते. उलटणाऱ्या तापमापकाचे काम माणसावाचून आणि जहाजावाचून होऊ लागले. मुख्य म्हणजे जुलै महिन्यातही होऊ लागले. नांगरलेल्या बोयांचे नशीब एवढे चांगले नाही. बोयाच्या सावलीस मासे जमतात, माशांमागे होड्या येतात, दोर तुटतात, उपकरणे नाहीशी होतात. सोमालियाकडच्या चाचेगिरीच्या वर्षांत तर पश्चिमेकडील बोये नांगरणेच कठीण झाले.

या साऱ्याचे फळ बारामती-इंदापुरास काय मिळाले? १३ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातील तीव्र कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढला आणि तेलंगण ओलांडून सोलापूरकडे आला. दुसऱ्या रात्री इंदापूर, बारामती, दौंड या तालुक्यांत ओढ्यांना पूर आले. २४ मे २०२५ रोजी अरबी समुद्रातील तशीच प्रणाली रत्नागिरीजवळ किनाऱ्यास लागली. लगोलग बारामती-इंदापुरात अवकाळात ढगफुटीसारखा पाऊस झाला, आणि दुष्काळातून जन्मलेला नीरा डावा कालवा बारामतीजवळ फुटला. दोन्ही प्रणाली समुद्रावर असतानाच पाहिल्या गेल्या होत्या, त्यांचा मार्गही सांगितला गेला होता. परंतु मार्ग सांगणे ही एक गोष्ट आणि कोणत्या गावच्या ओढ्यास किती पाणी येईल हे सांगणे ही दुसरी.

अंदाजाची भाषाही येथे तपासण्यासारखी आहे. ‘देशात सरासरीच्या १०० टक्के पाऊस’ हे विधान समुद्राच्या मापांवरून निघते व देशापुरते खरे ठरू शकते. बारामतीच्या जिरायत पट्ट्यातील माणूस मात्र ते आपल्या मृगास आणि हस्तास लावून पाहतो. त्याची ज्वारी हस्ताच्या ओलीवर येते. सरासरी ही त्याच्या शेतात कधी पडलेली नसते. गाडगीळ यांनी अनंतपूरच्या भुईमूग-शेतकऱ्यांबरोबर काम करताना प्रश्न उलटा विचारला होता: तुम्हास नेमके काय कळावयास हवे? तालुक्यापुरता सल्ला देण्यासाठी देशभर जी सुमारे दोनशे जिल्हा-केंद्रे उघडली होती ती २०२४ मध्ये बंद करण्यात आली. समुद्रातून येणारी साखळी इतकी लांब झाली असता तिचा शेताजवळचा दुवा असा निखळावा, हे या इतिहासातील एक दुःखद प्रकरण आहे.

समुद्राच्या देण्याघेण्याचा हिशेब या भागातील लोक उजनीवर ठेवतात. भीमेवरील हे धरण माढा तालुक्यात असले तरी त्याचे फुगलेले पाणी इंदापूरच्या गावागावांशी येऊन भिडते. एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट, त्यांपैकी ६३ अब्जांहून अधिक ‘मृत’. त्यामुळे या धरणाची पातळी शून्याखालीही मोजतात आणि ‘उजनी उणे’ हा प्रयोग बोलीत रुळला आहे. पाणी फार ओसरले की पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ वर येते, आणि कोणतीही पट्टी न वाचता गावास वर्ष कळते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. त्याच वर्षी ऑगस्टात धरण भरले.